कृष्णामाईची पाठवणी

गुंडा गोंधळ्याचा थोरला लेक मानसिंग ज्या वर्षी बोहल्यावर चढला, ते एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. मानसिंग मिलिटरीत होता. त्याला महिन्याची रजा मिळाली होती आणि घरच्यांनी अक्षय तृतीयेची तीथ धरली होती. आष्ट्यातल्या त्यांच्या घरापुढं मांडवाच्या मेढी येऊन पडल्या होत्या, नवरीकडचं माणूस दोनदा येऊन चहा पिऊन गेलं होतं, राहीबाईनं हळद कुटून ठेवली होती. लगीनघर म्हटलं की कर्त्या माणसाला घाई असतेच, पण गुंडाची घाई निराळी होती. तो कुठं जातही नव्हता आणि कुठं थांबतही नव्हता. भाकरीचा घास मोडायचा, उठायचा, दारापर्यंत जायचा, परत येऊन ताटावर बसायचा.

"आवं, बुडाखाली इस्तू ठिवलाय का कुणी?" राहीबाई म्हणायची. "बसून जेवा की जरा."

"बसलोय की."

"बसलाय कुठं? बोटं बघा तुमची."

गुंडाची बोटं ताटाच्या काठावर संबळ वाजवत असायची. त्याला ते कळायचंही नाही. बोटं आवरली तर पायाचा अंगठा हलायला लागायचा.

त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण उपाय कुणालाच ठाऊक नव्हता. लग्न झालं की कुलदैवताचा गोंधळ घालायचा. उभा जन्म दुसऱ्यांच्या दारात गोंधळ घातलेल्या गुंडाच्या दारात आता पहिल्यांदा लेकाच्या लग्नाचा गोंधळ व्हायचा होता, आणि नेमका तोच त्याला घालता येत नव्हता. त्याच्या कमरेला, धोतराच्या सोग्यात, एक सुपारी बांधलेली होती. त्या सुपारीत एक पाहुणी बसली होती. तिला त्यानं स्वतःच बोलावलं होतं, आणि तिला परत कसं पाठवायचं हे त्याच्या सात पिढ्यांनी त्याला शिकवलं नव्हतं.

गुंडाच्या घराण्याची रीत अशी होती. नव्या कापडावर धान्याचा चौक भरायचा. मध्ये कलश, कलशापुढं सुपारी. दिवटी पेटवायची, संबळावर टिपरू पडलं की एकेका देवाला त्याच्या गावाचं नाव घेऊन हाक मारायची. देव येतात आणि सुपारीत बसतात. मग रात्रभर त्यांच्यापुढं गाणं, कथा, सोंगं, हसणं-खिदळणं. उजाडता उजाडता पाठवणी. जो शेवटी आला तो पहिल्यांदा जायचा, असं उलट्या क्रमानं एकेकाचं नाव घेऊन त्याला त्याच्या गावाची वाट दाखवायची. सगळे गेले की मगच चौक मोडायचा. बोलावलेला एक जरी देव मागं राहिला, तरी दुसरा चौक भरायचा नाही. घरात पाहुणा बसवून ठेवून दुसऱ्यांना आवतण द्यायला निघाल्यासारखं ते. गुंडाचा बाप हे सांगताना कान धरायचा, स्वतःचा आणि पोराचाही.

आता ही पाहुणी आली कशी, ते सांगायला दोन वर्षं मागं जावं लागेल.

आष्ट्याच्या लालासाहेबांच्या मुलीचं लग्न होतं. लालासाहेब शाळेला वाईला होते, तेव्हाचे त्यांचे संस्कृतचे मास्तर, गंगाधरशास्त्री, त्या लग्नाला आले. काडीसारखा माणूस, नाकावर जाड भिंगाचा चष्मा, छातीत दमा. पण गोंधळाला संबळ वाजायला लागला तसा हा माणूस पाटावरून सरकत सरकत पार चौकाजवळ आला आणि मांडीवर ताल धरून बसला. देवांना हाका मारून झाल्या. कथेला सुरुवात व्हायच्या आत दिवटीच्या धुरानं शास्त्रीबुवांना ढास लागली आणि लालासाहेबांनी त्यांना धरून आत नेऊन निजवलं. सकाळी ते उठले तेव्हा गुंडा टोपीतला चहा पीत कट्ट्यावर बसला होता. टोपी म्हणजे पितळी झाकण, कप कमी पडले होते.

"गुंडोबा," शास्त्रीबुवा जवळ बसत म्हणाले, "काल तुम्ही देवीला हाक मारलीत ना, ती मला संस्कृतात मारायची आहे. ह्याच ठेक्यावर. एक अक्षर इकडं नाही की तिकडं नाही."

गुंडाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण तो थट्टा करत नव्हता. शास्त्रीबुवांनी जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर संस्कृत ओव्या केल्या होत्या, पाळणा केला होता, मोटेवरचं गाणंही केलं होतं. वाईतले त्यांच्या बरोबरीचे लोक त्यांना हसायचे. म्हणायचे, शास्त्रीबुवा देववाणीला लुगडं नेसवायला निघालेत. त्यावर शास्त्रीबुवा म्हणायचे, "नेसू दे की! वल्कलं नेसून नेसून थंडी वाजायला लागलीय बिचारीला."

त्यानंतर दीड वर्ष ते अधूनमधून एसटीनं आष्ट्याला यायचे. गुंडाच्या सोप्यात बसायचे. गुंडाला अक्षर येत नव्हतं, म्हणून सगळं तोंडातून कानात आणि कानातून तोंडात. शास्त्रीबुवा ओळ म्हणायचे, गुंडा ती संबळावर घालून बघायचा, ओळ अडली की शास्त्रीबुवा ती मोडून दुसरी करायचे. राहीबाई चुलीपाशी बसून ऐकायची.

"आवं शास्त्रीबुवा, देवीला कळंल का ह्यो तुमचा बामणी गोंधूळ?"

"देवीला कळेल हो राहीबाई. आम्हालाच कळेना, ती खरी पंचाईत आहे."

सगळ्या देवांची आवतणं जुळली. मग एके दिवशी शास्त्रीबुवा एकदम म्हणाले, "गुंडोबा, सगळ्यांना बोलावता, पण कृष्णामाईला का नाही बोलावत? तुमचं आष्टं काय, आमची वाई काय, सगळी तिच्याच पाण्यावर."

गुंडानं डोकं खाजवलं. "आमच्या वाडवडलांनी न्हाई बोलावली."

"मग आपण बोलावू."

आणि त्यांनी ओळ केली. 'एहि कृष्णे, एहि मातः.' ये कृष्णे, ये आई, एवढाच अर्थ. पण ती ओळ संबळावर पडली आणि गुंडाच्या अंगावर काटा आला. पाणी दगडावरून वाहत येतं तशी ती ठेक्यावरून वाहत आली. गुंडानं ती पुन्हा पुन्हा म्हटली. राहीबाई भाकरी थापायची थांबली. तुणतुणं वाजवणारा ज्योतिबा, राहीबाईचा भाऊ, म्हणाला, "दाजी, ही वळ लय गोड हाय." एवढ्या गोडीत पाठवणीचा विचार कुणालाच सुचला नाही.

चौऱ्याहत्तरच्या माघात सांगलीला संस्कृतवाल्यांची एक सभा भरली. तिथं हा गोंधळ करायचं ठरलं. मोठं नाट्यगृह, मखमली पडदा, पुढच्या खुर्च्यांवर उपरणी आणि शाली. गुंडानं नवा झगा शिवला होता, कवड्यांची माळ घासून पांढरी केली होती. स्टेजवर त्यानं रीतसर चौक भरला. शास्त्रीबुवा यजमान म्हणून उभे राहिले, दिवटीवर तेल घातलं. संबळ कडाडला. गुंडानं एकेक देव बोलावला, आणि सगळ्यात शेवटी, "एहि कृष्णे, एहि मातः." लोकांनी असा टाळ्यांचा पाऊस पाडला की दिवटीची ज्योत हलली.

आणि धाडकन पडदा पडला.

गुंडाला वाटलं दोरी तुटली. पण बाजूनं धोतर-कोट घातलेला एक माणूस आला आणि म्हणाला, "वा वा, फार छान. आता चला, पुढचा परिसंवाद आहे."

"आवं पर पाठवणी?"

"कसली पाठवणी? ते एसटीच्या भाड्याचं म्हणताय का? ते नंतर बघू."

पडद्यापुढं शास्त्रीबुवांच्या गळ्यात हार पडत होते. पडद्यामागं एक गडी केरसुणी घेऊन आला आणि त्यानं चौकाचं धान्य लोटायला सुरुवात केली. गुंडानं झडप घालून सुपारी तेवढी उचलली. मग स्टेजवर टेबल आलं, खुर्च्या आल्या, आणि गुंडा, ज्योतिबा आणि त्यांचे दोन साथीदार मागच्या दारानं रस्त्यावर आले.

घरी येऊन पहाटे त्यानं सोप्यात चौक भरला, सुपारी मांडली आणि आपल्या रीतीनं पाठवणी सुरू केली. शेवटी आली ती कृष्णामाई, म्हणजे आधी तिची पाळी. गुंडानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. ओळच नव्हती. मग त्यानं रीत वाकडी करून, तिला हात जोडून, बाकीच्यांना एकेक करून वाटेला लावलं. सगळे गेले. सुपारीत एकटी ती राहिली.

तेव्हापासून हे असं चाललं होतं. फाल्गुनात आप्पासो चव्हाणांच्या घरचं गोंधळाचं बोलावणं आलं, गुंडानं ते परत लावलं. आप्पासो स्वतः दारात आले.

"काय रं गुंडा, मोठ्या लोकांत गाऊन आल्यावर आमची वसरी बारकी वाटाय लागली व्हय?"

"तसं न्हाई मालक. घरात पाव्हणी हाय."

"कुठाय पाव्हणी?"

गुंडाचा हात कमरेच्या सोग्याकडं गेला. आप्पासोंनी घरात डोकावून बघितलं, राहीबाईकडं बघितलं, आणि मान हलवत निघून गेले. त्या दिवसापासून गुंडाच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं गल्लीत बोलणं सुरू झालं. ज्योतिबाही बोलायला लागला.

"दाजी, तुमच्या संबळात पाणी शिरलंय."

"गप रं."

"गप कशाला? ती सुपारी द्या नदीत सोडून. नदीची बाय नदीत. मिटलं!"

"पाव्हणीला तोंडातनं सबूद न काढता उंबऱ्याभाईर ढकलायचं?" गुंडा उसळून उठला. "तुझ्या भनीला मी असं पाठवलं आसतं मायारी, तर तू काय म्हणला आसतास?"

"मी घेऊन गेलो आसतो तिला," ज्योतिबा म्हणाला, "आनि परत धाडली नसती." राहीबाई हसली, पण गुंडाला हसू आलं नाही. त्याला खरंच संबळातून पाण्याचा आवाज यायला लागला होता. संबळ खुंटीला टांगलेला असायचा, वारं नसायचं, आणि त्याला वाटायचं की चामड्याखाली काहीतरी खळखळतंय. तो उठून संबळावर हात ठेवायचा. आवाज थांबायचा. हात काढला की परत.

ओळ ज्यानं बोलावण्याची केली, त्यानंच पाठवण्याची करायला हवी. एवढं गुंडाला कळत होतं. शेवटी फाल्गुनाच्या अखेरीस तो एसटीत बसला. कराड, सातारा, तिथून दुसरी गाडी धरून वाई. सबंध वाटेत त्याला खिडकीतून कुठं ना कुठं नदी दिसत होती, आणि कमरेची सुपारी त्याला जड लागत होती.

शास्त्रीबुवांचं घर नदीच्या घाटाला लागून होतं. दार त्यांच्या मुलीनं, चारुशीलेनं उघडलं. ती शाळेत शिकवत होती, लग्न केलं नव्हतं, आई गेल्यापासून वडलांचं सगळं तीच बघत होती.

"बाबांना बरं नाही," ती म्हणाली. "जास्त बोलायला लावू नका."

पण गुंडा बोलला, आणि शास्त्रीबुवा अंथरुणावर उठून बसले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"पाठवणी असते?" ते म्हणाले. "गुंडोबा, गोंधळाला पाठवणी असते?"

"आसती तर! न्हाईतर देव काय आमच्या घरी ऱ्हात्यात?"

शास्त्रीबुवा हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. "अहो, आमच्या घरी दर मंगलकार्याला गोंधळ व्हायचा. मी जन्मात एकदाही त्याचा शेवट ऐकला नाही! लहानपणी निम्म्यात झोप लागायची, आई उचलून न्यायची. मोठेपणी हा दमा. मला वाटायचं, देव येतात आणि मग... मग सकाळ होते."

"सकाळ आपसूक व्हती. देव आपसूक जात न्हाईत."

"बरं. तुमची पाठवणी कशी असते, म्हणून दाखवा."

गुंडानं कानाला हात लावला. "तसं म्हणून दावता येत न्हाई. पाठवणीचं सबूद चौकाबिगर तोंडातनं काढायचं न्हाईत. दारात कुणी नसताना 'जा' म्हणलं, तर घरातलं चांगलं हाय ते जातं."

शास्त्रीबुवांनी खिडकीतून नदीकडं बघितलं. उन्हाळ्याची नदी, बारीक, पण चालती. मग त्यांनी बोटांनी ठेका धरला आणि ओठातल्या ओठात जुळवायला लागले. एक ओळ केली, स्वतःच मान हलवली. दुसरी केली. ती ठेक्यावर बसली, पण म्हणाले, "छे. ही हुकूम केल्यासारखी झाली. आईला कोण हुकूम करतं?" तिसरी अर्ध्यात सोडली.

"गुंडोबा, नदीला 'जा' कसं म्हणायचं? ती तर जातेच आहे. जन्मापासून जातेच आहे. मी सत्तर वर्षं ह्या खिडकीत बसून तिला जाताना बघतोय. तिला 'जा' म्हणालो तर ती हसेल मला."

"जाती ती निराळी, शास्त्रीबुवा. जी आली, ती म्हणतोय मी." गुंडानं सोग्यातली सुपारी काढून तळहातावर धरली. "ही."

शास्त्रीबुवांनी हात पुढं केला, पण सुपारीला लावला नाही. "मला थोडे दिवस द्या," ते म्हणाले. "रामनवमीला या."

"रामनवमीला मानसिंग घरी आला आसंल. लगीन जवळ आलं आसंल. लगीन झालं आनि गोंधूळ न्हाई झाला, तर सुनंला घरात कसं घ्याचं? त्याची रजा सरंल, पोरगा तिकडं बर्फात जाईल, तसाच. कुलदेवीच्या पाया न पडता." गुंडाचा आवाज वर चढला तशी चारुशीला दारात येऊन उभी राहिली. त्यानं आवाज खाली घेतला. "माझं एकल्याचं आसतं तर मी जल्मभर हिला कमरंला बांधून फिरलो आसतो."

"या रामनवमीला," शास्त्रीबुवा परत म्हणाले. "आणि एक सांगतो. तुमच्या मुलाच्या गोंधळाला मी येणार. शेवटपर्यंत बसणार. एकदा तरी देव जाताना बघायचेत मला."

रामनवमीपर्यंतचे दिवस गुंडानं कसे काढले ते राहीबाईच जाणे. पाडव्याला गुढी उभारली, तर ती सरळ आहे की नाही हे बघायला तो इतक्यांदा बाहेर गेला की शेजारीण म्हणाली, गुढी पळून जातीय का काय? मानसिंग रजेवर आला. बापाच्या पाया पडला आणि त्याच्या लक्षात आलं की बाप आशीर्वाद देतानाही पाय हलवतोय.

"आबा, आमच्या पलटणीत पहाऱ्यावरचा शिपाई पण एवढा फिरत न्हाई."

"तुमच्या पलटणीला काय जातंय!"

"मग ज्योतिबामामाला घालू दे की गोंधूळ. चौक मामाचा, तुमी नुसतं बसा."

"चौक कुनाचा बी आसू दे. घर ह्येच हाय नव्हं?" गुंडा म्हणाला. "पाव्हणी ह्याच घरात हाय."

रामनवमीला तो संबळ काखेत मारून वाईला गेला. ज्योतिबाही बरोबर आला, तुणतुणं घेऊन, वाटभर कुरकुरत. शास्त्रीबुवा आधीपेक्षाही वाळले होते. बोलताना दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागत होता. चारुशीला म्हणाली, "ओळ झाली नाही. रोज करतात, रोज सोडतात. तुम्ही कृपा करून त्यांना आता त्रास देऊ नका."

गुंडा खाली बसला. एवढे दिवस जो माणूस जागेवर ठरत नव्हता, तो भुईला चिकटल्यासारखा झाला. त्याला मांडव दिसला, सून दिसली, रजेचा शेवटचा दिवस दिसला.

आतून शास्त्रीबुवांचा आवाज आला. "चारू, मला घाटावर ने."

"बाबा, ऊन आहे."

"म्हणूनच. गर्दी नसेल."

गुंडा आणि ज्योतिबा यांनी त्यांना दोन्हीकडून धरलं. पाच-सात पायऱ्या उतरायला किती तरी वेळ लागला. पाण्याच्या काठच्या पायरीवर शास्त्रीबुवा बसले, पाय पाण्यात सोडले. चारुशीलेनं छत्री धरली. रामनवमीचा सुंठवडा खाऊन लोक घरी गेले होते, घाट मोकळा होता. पलीकडं एक बाई धुणं आपटत होती.

"मांडा," शास्त्रीबुवा म्हणाले.

गुंडानं पायरीवर नवं फडकं पसरलं. आणलेल्या धान्याचा चौक भरला, सुपारी ठेवली. दिवटीला तेल शास्त्रीबुवांनी घातलं, थोडं पायरीवर सांडलं. संबळावर हलकेच टिपरू पडलं. ज्योतिबाच्या तुणतुण्यानं सूर धरला. पलीकडच्या बाईनं धुणं थांबवलं.

ठेका चालू राहिला. शास्त्रीबुवा डोळे मिटून बसले होते. ओठ हलत नव्हते. गुंडा वाजवत होता आणि त्यांच्या तोंडाकडं बघत होता. हात भरून आले. ज्योतिबानं त्याच्याकडं बघून भुवई उडवली, आता थांबायचं का म्हणून. गुंडानं मान हलवली. नाही.

मग एकाएकी शास्त्रीबुवा म्हणाले, "आपण उलटं धरलं होतं, गुंडोबा."

"काय उलटं?"

"देव आपल्या घरी येतात, म्हणून घरून पाठवायचे. हिचं घर तर हे. आपण हिला घरी आणून सोडलं. आता ती कशाला जाईल? जायचं आपण." त्यांनी श्वास घेतला. "आपण माणसाला घरी पोचवायला जातो. त्याला पोचवतो, आणि मग त्याला 'जा' म्हणतो का? आपण म्हणतो, तुम्ही बसा आता. आम्ही निघतो."

आणि त्यांनी ठेका पुढं न जाऊ देता, नेमका पकडून, ओळ म्हटली. आवाज फाटका होता, पण ओळ सलग आली.

'तिष्ठ मातस्तिष्ठ तीरे, वयं यामः.'

"म्हंजे?" ज्योतिबानं विचारलं.

"थांब आई, आपल्या काठाला थांब. आम्ही जातो."

गुंडानं ती ओळ घेतली. एकदा, परत एकदा. ज्योतिबानं झील धरली. चारुशीला छत्री धरून उभी होती, तिचेही ओठ हलायला लागले. शेवटी गुंडानं सुपारी उचलली, कपाळाला लावली आणि पाण्यात सोडली. बुडाली ती दिसलीही नाही.

शास्त्रीबुवांनी पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं. "येणार बरं का मी," ते म्हणाले. "गोंधळाला. शेवटपर्यंत."

"लोड ठिवतो तुमच्यासाठी. दिवटीचा धूर येणार न्हाई आशा अंगाला."

परतीच्या गाडीत गुंडा साताऱ्यापासून जो झोपला तो आष्ट्याचा फाटा आला तेव्हा ज्योतिबानं हलवून उठवला. "दाजी, उठा. का तुमालाबी पाठवणी म्हणायला लागती?"

अक्षय तृतीयेला लग्न लागलं. दुसऱ्या रात्री गुंडाच्या दारात चौक भरला. वारं ज्या अंगानं येत होतं त्या बाजूला राहीबाईनं घोंगडं अंथरून लोड ठेवला होता, त्यावर कुणाला बसू दिलं नाही. नवरीच्या आजोबांना सुद्धा तिनं उठवलं. "थितं वाईचं पाव्हणं बसणार हायती."

वाईचं पाव्हणं आलं नव्हतं. गुंडा एकेक देव बोलावत होता आणि त्याची नजर गल्लीच्या तोंडाकडं जात होती. शेवटची गाडी गेली. बोलावणी झाली, शेवटी कृष्णामाईलाही हाक मारली, ह्या वेळी न भिता. कथा झाली, मानसिंगच्या मित्रांनी सोंगाला शिट्ट्या मारल्या, नवरी पेंगली. गुंडा गात होता, पण त्याच्या पायाचा अंगठा परत हलायला लागला होता. माणूस शब्दाचा पक्का, मग आला का नाही?

तांबडं फुटलं. पाठवणी कृष्णामाईपासून सुरू झाली. तिच्यासाठी चौकात वेगळी मांडलेली सुपारी पाणी भरलेल्या घागरीत सोडली, तोच तिचा काठ. गुंडानं ओळ उचलली. 'तिष्ठ मातस्तिष्ठ तीरे.' सगळ्या साथीदारांनी झील धरली. 'वयं यामः.' मग बाकीचे देव एकेक करून आपापल्या गावाला गेले. चौक मोडला. मानसिंग आणि सून पाया पडली. घोंगडं आणि लोड तसाच रिकामा होता. राहीबाईनं तो उचलायला हात घातला, तर गुंडा म्हणाला, "ऱ्हाऊ दे थोडा येळ."

दुपारच्या गाडीनं चारुशीला आली. एकटीच. राहीबाईनं तिला पाणी दिलं, हळदीकुंकवाचा करंडा पुढं केला. चारुशीलेनं कुंकू बोटानं लावून घेतलं आणि मग म्हणाली, "झाला का गोंधळ?"

"झाला," गुंडा म्हणाला. "शास्त्रीबुवांची वाट बघितली पार उजाडंपतूर."

"पाठवणी झाली?"

"झाली. त्येंचीच वळ म्हणली."

तिनं मान डोलावली. तिची नजर त्या रिकाम्या लोडावर गेली. मग म्हणाली, "बाबांनी बजावलं होतं, लग्नघर आहे, गोंधळ पुरा होईपर्यंत तिकडं काही कळवायचं नाही. म्हणून आज आले."

गुंडाची बोटं गुडघ्यावर होती. ती हलत नव्हती.

त्या भागातले गोंधळी पुढं कृष्णामाईलाही चौकात बोलवायला लागले. पाठवणीला घागरीत सुपारी सोडून ती एक ओळ म्हणायची, हे ज्योतिबाच्या पोरांनी उचललं आणि त्यांच्याकडून दुसऱ्यांनी. ओळ कुणी केली ते त्यातल्या कितीकांना ठाऊक नाही. वाडवडलांची आहे, असंच ते सांगतात.

वाईचे गंगाधरशास्त्री घाटावर ती ओळ म्हटल्यानंतर दोन दिवसांनी, ३ एप्रिल १९७४ रोजी, बुधवारी सकाळी, आपल्या खिडकीपाशी वारले.